क्षेत्रीय कार्यालयातील उमेदवारी

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत उमेदवारीसाठी जाणाऱ्या तंत्रनिकेतनाच्या विद्यार्थ्याला सुरक्षेचे बूट, ओळखपत्र आणि ज्याच्या हाताखाली शिकावयाचे तो पर्यवेक्षक मिळावा, हे आपण गृहीतच धरतो. पण त्याच विद्यार्थ्याने ती उमेदवारी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या एखाद्या क्षेत्रीय कार्यालयात करावयाचे मनात आणले, तर त्याने बसावयाचे कोठे आणि विचारावयाचे कोणाला, येथूनच प्रश्नांना प्रारंभ होतो.

योजनांचा तुटवडा आहे, असे मुळीच नाही. राष्ट्रीय सेवा योजना 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुरू झाली. नागरी संस्थांतील प्रशिक्षणासाठी केंद्राने 2020 मध्ये ‘ट्यूलिप’ आणली. राज्याच्या 2024 च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. आणि नव्या शैक्षणिक धोरणाने समाजसहभागाला व कार्यप्रशिक्षणाला श्रेयांकही देऊ केले. उणीव आहे ती कामाची. प्रशिक्षणार्थी आला, हजेरीपटावर सही झाली, नदीकाठी झाडू हाती घेतलेले छायाचित्र निघाले आणि प्रमाणपत्रावर शिक्का उमटला, एवढ्याने लोकसेवा घडली असे मानावयाचे असेल, तर छायाचित्रकारालाच श्रेयांक देणे अधिक न्यायाचे होईल.

वस्तुतः या नगरीत शिकण्याजोगे काय कमी आहे? नोव्हेंबर 2019 पासून येथे दिवसाआड पाणी येते. पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्याच्या हाताखाली महिनाभर राहून, व्हॉल्व्हमन कोणत्या वेळी कोणता व्हॉल्व्ह किती फेरे उघडतो, टाकीजवळच्या सोसायटीत पाणी किती वेळ टिकते आणि त्याच वाहिनीच्या शेवटच्या चाळीत बादली भरावयास किती मिनिटे लागतात, याची नोंदवही ज्या विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे ठेवली, त्याला द्रवयांत्रिकीबरोबरच नगरशासनही कळेल. शिवाय ती वही अभियंत्यालाही उपयोगी पडेल. तसेच पालिकेच्या ‘सारथी’ या मदतवाहिनीवर आलेल्या तक्रारींचे. कागदावर ‘निकाली’ हा शेरा पडला म्हणजे रस्त्यावरचा खड्डा बुजलाच असे नव्हे. तो प्रत्यक्ष जाऊन पाहण्यास दोन पाय आणि थोडा निःपक्षपातीपणा लागतो, आणि या दोन्ही गोष्टी विसाव्या वर्षी मुबलक असतात. चाकणच्या बाजूस महाळुंगे, निघोजे, कुरुळी येथील ग्रामपंचायतींवर तर कारखान्यांमुळे अवघ्या औद्योगिक नगरीचा भार येऊन पडला आहे. तेथे परप्रांतीय कामगाराचा अर्ज लिहून देणारा एखादा जाणता तरुण असणे, हीही मोठी सोय ठरेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे: रिकाम्या जागा न भरता स्वस्तातल्या पोरांकडून दफ्तर चालवून घेण्याची ही पळवाट ठरेल. ती ठरू द्यावयाची नसेल, तर विद्यावेतन वेळेवर पोचले पाहिजे, कायम कारकुनाचे काम उमेदवाराच्या गळ्यात पडता कामा नये, आणि टिपणीवरील सहीची जबाबदारी ज्याची त्याचीच राहिली पाहिजे.

नामदार गोखल्यांनी 1905 साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापला, तेव्हा प्रवेश घेणाऱ्या सुशिक्षित तरुणाला त्यांनी पाच वर्षांचे प्रशिक्षण बंधनकारक केले. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपद सांभाळलेल्या त्या पुरुषास, लोकसेवा ही केवळ सद्भावनेने साधत नाही, तिला अभ्यास लागतो, हे अनुभवाने ठाऊक होते. आपण चार श्रेयांकांचे, म्हणजे अवघे 120 तास देतो. तेवढ्यात लोकसेवक घडणार नाही. परंतु पालिकेचा कागद आवक नोंदीपासून मंजुरीपर्यंत कसा जातो आणि मध्येच कोठे अडतो, हे एका विद्यार्थ्याला निश्चित दिसेल.

म्हणून आयुक्तांना विनंती इतकीच, की अ ते ह या आठही क्षेत्रीय कार्यालयांनी कॉलेजे उघडण्यापूर्वी आपापल्या कामांची यादी, प्रत्येक कामापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे नाव घालून, प्रसिद्ध करावी. आणि प्राचार्यांनी त्या यादीबाहेरचे कोणतेही प्रमाणपत्र स्वीकारू नये.