मरुभूमीच्या सहलीची पिशवी

मैत्रिणींनो, दिवाळी उरकली, फराळाचे डबे रिकामे झाले की घरोघरी एकच विषय निघतो – यंदा नाताळच्या सुट्टीत कुठं जायचं? राजस्थान ठरलं, की जैसलमेरचा किल्ला, समच्या वाळूच्या टेकड्या नि उंटाची सवारी यादीत येतातच. त्याच भागात मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८० साली ते झालं. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत मिळून त्याचा पसारा ३,१६२ चौरस किलोमीटरचा. तिथं जायचं मनात असेल, तर आधी माझी फजिती ऐका.

माझं माहेर सोलापूरकडचं. लहानपणी वडिलांनी नान्नजच्या माळावर मला माळढोक दाखवला होता. मीटरभर उंच, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा, रुबाबात चालणारा पक्षी! आता आपल्याकडे तो दिसला तर त्याची बातमी होते. देशभरात जे दीडशेच्या आसपास उरले असतील, त्यांतले बहुतेक जैसलमेरकडे. तिथं त्याला गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. मुलांना तो दाखवायचाच, म्हणून सहा वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही निघालो.

वाळवंट म्हणजे ऊन, या समजुतीनं मी स्वेटर घरीच ठेवले. 'चहा-नाश्ता वाटेत मिळेल' म्हणून पहाटे पाचला रिकाम्या पोटी जीपमध्ये बसलो. वाटेत टपरी म्हणून दिसली नाही. सासूबाई शालीत कुडकुडत होत्या, मुलं भुकेनं किरकिरत होती, यांचा पारा चढलेला. अशात लांब गवतात माळढोकाची मान दिसली. 'जरा जवळ घ्या ना भाऊ,' असं ड्रायव्हरला कोण म्हणालं असेल? मीच! गाडी रस्ता सोडून गवतात शिरली. पक्षी धावला आणि जड अंगानं उडाला, तो थेट विजेच्या तारांकडे. तारांच्या वरून हातभर अंतरानं निसटला. बरोबरचा गावकरी एवढंच म्हणाला, "बाईसा, तारांना आपटून असेच मरतात हे."

नंतर कळलं ते असं, की या पक्ष्याला समोरचं फार थोडं दिसतं. नराचं वजन पंधरा किलोपर्यंत जातं, त्यामुळे ऐन वेळी वळता येत नाही. मादी एका खेपेला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला होता. पुढं २०२४ मध्ये तो शिथिल झाला. तो मोठ्यांचा प्रश्न म्हणा हवं तर. पण त्या सकाळी त्या पक्ष्याला उडवलं ते माझ्या अर्धवट भरलेल्या पिशवीनं. गारठलेली, भुकेली माणसं घाई करतात. पोटात ऊब असली की तीच माणसं दोन तास गप्प बसतात. म्हणून सांगते, पिशवी नीट भरा.

केव्हा, कसं? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. मुंबईहून रेल्वेनं जोधपूर, तिथून जैसलमेर. सम जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर. पण माळढोकासाठी त्याच्या पुढं सुदासरीकडे जायचं. प्रवेशाची परवानगी जैसलमेरच्या वन खात्याच्या कचेरीतून आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. सीमेलगतचा भाग आहे, तेव्हा प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ हवं.

कपडे. दुपारी सुती कपडे पुरतात, पण पहाटे थंडी अशी, की पारा पाचापर्यंत उतरतो. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन पातळ घाला, म्हणजे ऊन चढेल तसे काढता येतात. सगळ्यांना कानटोपी आणि पायमोजे. रंग मातकट, भडक नको. तिथं भुरट नावाचं गवत असतं, त्याची काटेरी बोंडं साडीच्या निऱ्यांना अशी चिकटतात, की संध्याकाळभर वेचत बसावं लागतं. त्यापेक्षा सलवार-कमीज आणि बंद बूट बरे. ओठ, टाचा फुटतात, तेव्हा खोबरेल तेल हवंच. ते थिजतं, म्हणून रुंद तोंडाच्या डबीत भरा.

खाणं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे नाहीतर डिंकाचे लाडू. मोठा थर्मास भरून चहा. कुरकुर वाजणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांऐवजी फडक्यात बांधा. आवाज नाही आणि कचराही नाही.

पाणी. माणशी दिवसाला तीन लिटर धरा. थंडीत तहान कळत नाही, पण हवा कोरडी असते. एका बाटलीत साखर-मिठाचं पाणी ठेवा. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

आता एक संकोचाचा विषय. प्रवासात सोय नसते म्हणून आपण बायका पाणीच पीत नाही. मग लघवीची जळजळ आणि डोकेदुखी घेऊन घरी येतो. असं करू नका. निघण्यापूर्वी मोकळं होऊन घ्या, दर दोन तासांनी गाडी थांबवायची हे ड्रायव्हरला आधीच सांगा, आणि आडोशाला एक जुनी जाड चादर जवळ ठेवा. मी सासूबाईंसाठी नेली, पण सगळ्याच जणींना उपयोगी पडली!

एवढं झालं की मुलांना दोन गोष्टी समजावून सांगा. गाडी रस्ता सोडणार नाही, आणि हाका मारायच्या नाहीत. माळढोक दिसला नाही तरी पाहायला खूप आहे. चिंकारा हरणं आहेत, वाळवंटी कोल्हा आहे. आणि खेजडीचं झाड दाखवा, ती म्हणजे आपली दसऱ्याची शमी! तिच्या शेंगांची सांगरीची भाजी तिथं घरोघरी होते.

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो. सासूबाईंना दोन स्वेटर, मुलांच्या हातात लाडू. एका जागी बसून राहिलो. दीड तासानं लांब सेवण गवतात एक मान वर आली. दुर्बीण या हातातून त्या हातात फिरली, कुणी तोंडातून शब्द काढला नाही. पाच मिनिटं चरून तो आपल्या चालीनं निघून गेला, उडाला नाही. सासूबाई हळूच म्हणाल्या, "गेला गं सुखरूप."

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा निघालात तर थर्मास विसरू नका.