कूपन छापायचं, गिऱ्हाईक बोलवायचं आणि गल्ल्यावर हात वर करायचे!

जळोचीकरांनो आणि समस्त बारामतीकरांनो, जरा वेळ काढून वाचा.

महिनाभरापूर्वी पेपरमध्ये घालून एक पत्रक घरोघर आलं होतं. भिगवण रोडच्या एका हॉटेलचं. खाली कापून घ्यायचं कूपन, "एकूण बिलावर २०% सूट". वार नाही, वेळ नाही, अट नाही. गेल्या रविवारी आईला, बायकोला आणि दोन्ही पोरांना घेऊन गेलो. बसल्या बसल्याच वेटरला कूपन दाखवलं. "चालतंय की," म्हणाला. बिल झालं १,३४०. गल्ल्यावर कूपन ठेवलं, तर उत्तर आलं, "रविवारी नाही चालत साहेब." कुठं लिहिलंय ते दाखवा म्हटलं, तर "मालकांनी सांगितलंय." मालकांना फोन लावा म्हटलं, तर मालक बाहेरगावी!

मागं चार माणसं रांगेत, आई म्हणतेय "जाऊ दे बाळा". पूर्ण पैसे भरले. वेटरवर माझा राग नाही, तो पगारी पोरगा आहे. राग ज्यानं पत्रक छापलं त्याच्यावर आहे.

कुणी म्हणेल, २६८ रुपयांसाठी एवढं कशाला? अहो, आपल्याच जळोचीच्या मार्केटात काट्यावर किलोभर माल कमी भरला तर आपण अख्खा गाळा डोक्यावर घेतो. मग एसीत बसून कुणी छापील शब्द फिरवला की आपल्याला लाज का वाटावी? हॉटेलवाल्याचा सगळा हिशेबच आपल्या या लाजेवर आहे. बायकापोरांसमोर माणूस वाद घालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. सूट परवडत नव्हती तर छापू नये. कोणी जबरदस्ती केली होती का?

आणि हा नुसता वागण्याचा प्रश्न नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापार प्रथा दिल्यात. सवलतीची जाहिरात करायची आणि त्या दरात द्यायचा इरादाच ठेवायचा नाही, हे त्यात येतं. बिल द्यायला नकार देणंसुद्धा येतं. तेव्हा पक्कं बिल मागताना संकोच करू नका.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, ऑनलाइन दाखल होते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

मी हॉटेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आधी तक्रार करू दे. कूपन आणि बिल दोन्ही जपून ठेवलंय. उद्या सकाळी १९१५ ला फोन लावतोय. तेच पत्रक तुमच्याही घरी आलं असेल, रद्दीत टाकू नका. आणि कुणाला असाच अनुभव आला असेल तर बिल घेऊन या, तक्रारीचा कागद आपण सोबत बसून लिहू.