सिन्नरच्या पोरांना समुद्रपक्षी कशाला?

आमच्या सिन्नरच्या पोरांना पेंग्विन चांगला ठाऊक असतो. कार्टूनमुळे हल्ली पफिनसुद्धा ओळखीचा झालाय. पण आपल्या महाराष्ट्रातही भर समुद्रातल्या खडकांवर अंडी घालणारा पक्षी आहे, हे किती जणांना माहीत आहे? पोरांचं सोडा, आपल्यापैकी किती जणांना?

वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रात काही उघडेबोडके खडक आहेत, वेंगुर्ला रॉक्स नावाचे. तिथे एक दीपगृह आहे, बाकी गाववस्ती काही नाही. सुरय कुळातला एक पक्षी तिथे येतो. इंग्रजीत त्याला ब्रायडल्ड टर्न म्हणतात. काळी टोपी, डोळ्यावर पांढरी भुवई, पाठ गडद करडी. कपारीत नाहीतर दगडाच्या आडोशाला एकच अंडं घालतो. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटीही असतात, लाळेने चिकटवलेली. हुमायूँ अब्दुलअलींनी या दोन्ही पक्ष्यांवर १९४० साली बीएनएचएसच्या जर्नलमध्ये लिहून ठेवलंय. पाकोळ्यांची ती घरटी परदेशात सूपसाठी विकली जातात, म्हणून तिथून ती चोरीलाही गेली आहेत.

आता कुणी म्हणेल, ज्या पोरांनी समुद्रच पाहिला नाही त्यांना हे सांगून काय उपयोग? मला विचाराल तर सुरुवात समुद्रापासून करूच नये. शेजारच्या निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर आहे, २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेलं. तिथे नदी सुरय दिसतो. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. तो दाखवावा आणि सांगावं, याचा एक चुलतभाऊ समुद्रावर राहतो.

मग डुबेरगडावर सहलीला गेलात की पोरांच्या हातात अंड्याएवढा गोटा द्या. म्हणावं, हा अशा जागी ठेव की वाऱ्याने घरंगळणार नाही, कावळ्याला दिसणार नाही आणि उन्हात तापणार नाही. पाच मिनिटांत पोरं कपारी शोधायला लागतात. पक्ष्याचं नाव त्यानंतर सांगितलंत तरी चालेल. माझ्या भाचरांवर हा प्रयोग झालाय, म्हणून छातीठोकपणे सांगतोय.

पुढचा प्रश्न पोरं आपणच विचारतात : मग नदीवरचा सुरय अंडी कुठे घालतो? तो घालतो नदीपात्रातल्या उघड्या वाळूवर. तीच वाळू आपण ट्रॅक्टर भरभरून उपसतो. समुद्रातल्या चुलतभावाला निदान माणूस सहज पोचणार नाही असा खडक तरी मिळाला, नदीवरच्याला तेवढीही सोय नाही. हे पोरांना दहाव्या वर्षी कळलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण उद्या वाळूचा लिलाव त्यांच्याच गावात व्हायचाय.

असो. मे महिन्यात जी मंडळी पोरांना घेऊन इकडे येणार आहेत, त्यांनी दुर्बीण आठवणीने आणावी. आमच्याकडे एकच आहे आणि तिच्यावरून भांडणं होतात!