सोसणे हा गुण आहे काय?

वार्षिक अंकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा तिच्याखाली विषयही सुचविलेले होते. हुंडा, पर्यावरण, तरुण पिढीपुढील आव्हाने, माझा आवडता लेखक. विषय चांगलेच आहेत आणि मागच्या अंकांत ते सगळे येऊनही गेले आहेत. मी ज्यावर लिहिणार आहे तो विषय यादीत नव्हता. जांघेत, लघवीच्या जागी, बाईच्या मायांगात होणारी खाज आणि आग, हा तो विषय. वाचकांपैकी काहींनी इथेच पान उलटले असेल. मी त्यांना दोष देत नाही. दोन वर्षांपूर्वी मीही उलटले असते.

आम्ही हर्सूलला राहतो. वडील बांधकामावर सेंटरिंगचे काम करतात, माय चार घरची धुणीभांडी करते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरी मला सगळे काही कळते असा एक समज आहे. लाईटबिल मी वाचायचे, रेशनचा फॉर्म मी भरायचा, औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते मी सांगायचे. पण माय रात्री दोन-दोनदा उठून मोरीत का जाते, हे मात्र मला कधी कुणी विचारले नाही आणि मीही तिला विचारले नाही. पाण्याचा आवाज यायचा, मग ती परत येऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. एकदा धीर करून विचारले तर म्हणाली, “काई नाई, उष्णता वाढलीय.” मग सब्जा भिजवायचा, जिऱ्याचे पाणी प्यायचे, तुरटीच्या पाण्याने धुवायचे, खोबरेल लावायचे. चार दिवस बरे वाटायचे, की पुन्हा तेच. “बाईची जात हाय, सोसावं लागतं,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते कुठल्या पोथीत छापलेले असावे असे मला लहानपणी वाटे.

माझे स्वतःचेही सांगितले पाहिजे, नाहीतर आईचे दुःख चव्हाट्यावर मांडून मी नामानिराळी राहिले असे होईल. पाळी सुरू झाली तेव्हापासून मला स्वच्छतेचे भारी वेड. शाळेत कुणीतरी सांगितले की जंतू मरायला हवेत. म्हणून मी आंघोळीच्या तांब्यात फरशी पुसायचे जंतुनाशक टाकून त्या पाण्याने धूत असे. चुरचुरायचे. चुरचुरते म्हणजे जंतू मरताहेत, असे माझे शास्त्र! खाज वाढली की मी औषध वाढवायचे. ही गोष्ट सुमारे तीन वर्षे चालली. सावित्रीबाईंवर भाषण करून बक्षीस मिळवणारी मुलगी ही.

आमच्या गल्लीत पाणी रोज येत नाही, हेही यात आले. गाव तलावाचे. चारशे वर्षांपूर्वी मलिक अंबरने याच बाजूच्या डोंगरांतले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात खेळवले, असे आम्ही इतिहासाच्या तासाला शिकतो. आणि घरी ड्रम मोजून पाणी वापरतो. पाणी कमी असले की काटकसर कुठे होते? स्वयंपाकात होत नाही, बापाच्या आणि भावाच्या आंघोळीत होत नाही. ती होते बाईच्या आतल्या कपड्यांत. ते एका तांब्यात खळबळायचे आणि साडीच्या किंवा टॉवेलच्या खाली, कुणाला दिसू नये असे वाळत घालायचे. ऊन लागत नाही, ओल राहते, आणि सकाळी तेच दमट कापड अंगाला. आमच्या छतावरच्या दोरीवर वडिलांची चड्डी दिवसभर वाऱ्यावर फडकत असते. तिला कुणाची लाज नाही.

गेल्या वर्षी मायला एका खाजगी दवाखान्यात नेले. तिथे तपासणी झाली ती एवढीच, की दोन प्रश्न विचारले आणि सांगितले, “पिशवी खराब झाली आहे, काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल.” खर्च पस्तीस हजार. मायने भिशी मोडायचे ठरवलेही होते. तिची तयारी पाहून मला भीती वाटली, कारण आमच्या घरात हे आधी एकदा घडलेले आहे. माझी मावशी बीड जिल्ह्यातली. दरसाल दसरा-दिवाळीनंतर ती आणि काका कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस काम चुकले तर खाड्याचे पैसे कापले जातात. फडात ना आडोसा, ना पाणी. पाळी असो की अंगावरून पांढरे जात असो, मोळी उचलावीच लागते. तिनेही असेच दाखवले, तिलाही असेच सांगितले, आणि तिशीच्या आत तिची पिशवी निघाली. आता कंबर धरते, हातपाय गळतात, चेहरा मायपेक्षा थकलेला दिसतो. मावशी मायपेक्षा सात वर्षांनी लहान आहे.

मावशी एकटी नाही. 2019 साली हा प्रश्न वर्तमानपत्रांतून गाजला, तेव्हा राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे साधारण सहाजणींत एक. यातल्या किती जणींच्या दुखण्याला आठवड्याच्या गोळ्या पुरल्या असत्या, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

मी मायला ओढत सरकारी दवाखान्यात नेले. ओढत म्हणते, कारण “पुरुष डॉक्टर असला तर?” यावरच दोन सकाळी गेल्या. बाई डॉक्टर होत्या. त्यांनी तिला नीट तपासले आणि मग जे प्रश्न विचारले ते मी जन्मात विसरणार नाही. पांढरे जाते ते दह्यासारखे घट्ट की पाण्यासारखे? वास येतो का? कसा? रंग कोणता? साबण लावता का? तहान फार लागते का? रात्री लघवीला किती वेळा उठता? शेवटच्या दोन प्रश्नांचा आणि खाजेचा संबंध मला लागेना. त्यांनी बोटाचे रक्त घेतले. साखर तीनशेच्या वर निघाली.

मायची पिशवी ठणठणीत होती. तिला मधुमेह होता. साखर वाढली की त्या जागी बुरशी फोफावते; वरून कितीही मलम लावा, साखर खाली येत नाही तोवर ती परत परत येते. मोरीतल्या पाण्याचा आवाज मी इतकी वर्षे ऐकत होते, तो खरे म्हणजे मधुमेह दार वाजवत होता. पस्तीस हजार देऊन पिशवी काढली असती, तरी खाज तिथेच राहिली असती आणि साखर आतून डोळे, मूत्रपिंड पोखरत बसली असती.

त्या दिवशी बाईंनी मलाही विचारले आणि माझे जंतुनाशकाचे शास्त्र ऐकून कपाळाला हात लावला. त्यांनी सांगितले ते असे. मायांगाच्या आत चांगले जंतू राहतात, दह्याच्या विरजणातल्या जंतूंच्या जातकुळीतले. ते आम्ल तयार करतात आणि त्या आंबटपणात वाईट जंतू टिकत नाहीत. साबण असतो अल्कधर्मी. तो किंवा जंतुनाशक आत घातले, की राखणदारच मरतात आणि चोरांना वाडा मोकळा. आतून धुण्याची मुळी गरजच नाही. बाहेरून साधे पाणी पुरे, आणि शौचानंतर हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे नाही. थोडे पांढरे जाणे हे तर प्रत्येकीला असते, महिन्याच्या दिवसांप्रमाणे ते कमीजास्त होते. तो रोगच नव्हे. खाज, आग, घाण वास, हिरवट-पिवळा रंग किंवा रक्त असेल तर मात्र दाखवायचे. दह्यासारखे घट्ट आणि भयंकर खाज असेल तर बहुधा बुरशी. माशासारखा वास असेल तर जंतूंचा तोल गेलेला. आणि तिसरा एक प्रकार संबंधातून येतो, त्यात नवऱ्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, नाहीतर बाई बरी होते आणि महिन्याभरात पुन्हा दारात उभी राहते. तिन्हींची औषधे वेगवेगळी. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्यांनी माझ्या एका मैत्रिणीचे दुखणे का वाढले, ते मला तेव्हा उमगले. साध्या ताप-खोकल्यासाठी घेतलेल्या अँटिबायोटिकनेसुद्धा ही बुरशी वाढू शकते, हे ऐकून तर मी थक्कच झाले. माझे जंतुनाशक बंद झाले. पंधरा दिवसांत चुरचुर गेली. औषध काहीच नव्हते!

आता मुलग्यांविषयी. हा बायकांचा विषय आहे असे समजून जे वर्गमित्र अजून वाचत आहेत आणि मनातल्या मनात हसत आहेत, त्यांनी जरा आपल्या जांघा आठवाव्यात. पोलीस भरतीसाठी पहाटे धावायचे, घामाने चिंब झालेली चड्डी घालून त्यावरच जीन्स चढवायची आणि वर्गात यायचे. मग नायटा होतो. तो दाखवायला लाज वाटते म्हणून मेडिकलवाल्याकडे जाऊन हळूच “ती ट्यूब द्या” म्हणायचे. त्या ट्यूबांपैकी कित्येकांत स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज बसते, बुरशी मात्र आत पसरत राहते, आणि महिन्याभरात रुपयाएवढा नायटा ताटलीएवढा होतो. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 मध्ये झाला आहे. ट्यूब मागणाऱ्याला तो माहीत नसतो, आणि विकणारा तो आठवून देत नाही. माझ्या भावाने हा सगळा प्रवास केलेला आहे. त्याच्या परवानगीने लिहीत आहे. बदल्यात त्याला शंभर रुपये द्यावे लागले.

हे सगळे बोलणे अश्लील आहे, असे कुणी म्हणेल. तसे आधीही म्हटले गेले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि 1953 मध्ये मरेपर्यंत चालवले. लोक त्यांना शरीराविषयीचे प्रश्न पत्राने विचारत आणि ते सरळ उत्तर देत. या सरळ उत्तरांपायीच 1934 साली त्यांच्यावर खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला ते हरले. पुढे 1950 मध्ये ज्यांनी आपल्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले, ज्यांच्यामुळे माझ्यासारखी मुलगी आज या अंकात लिहिते आहे, त्या बाबासाहेबांना खाजेविषयी विचारणे अश्लील वाटले नव्हते. मग आपल्यालाच का वाटावे?

आणि हे किती जणींना आहे, याचाही हिशेब झालेला आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना या भागाचा काही ना काही विकार निघाला. त्यापूर्वी कुणी तपासलेले होते ते फक्त 8 टक्के स्त्रियांना. जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या विलायतेतल्या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला, तेव्हा जगाला नवल वाटले म्हणतात. माझ्या मायला सांगितले तर तिला मुळीच नवल वाटले नाही. ती म्हणाली, “त्या आठ जनी कोन गं?”

वर्गात कुणी विचारेल की यात कॉलेजचा काय संबंध? संबंध आहे. आमच्यापैकी कितीतरी मुली सकाळी घरून निघाल्यापासून दुपारी परत जाईपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत, कारण घेतला तर संडासात जावे लागेल. तिथे नळ आहे, त्याला पाणी असतेच असे नाही. दोन दारांपैकी एकाला कडी नाही, म्हणून मैत्रिणीला दार धरून उभे करायचे. पाळीतली घडी टाकायला डबा नाही, म्हणून सकाळची घडी तिसऱ्या प्रहरापर्यंत अंगावर. मग लघवीला आग होते, जांघा सोलवटतात, चार दिवस हजेरी बुडते. अंतर्गत परीक्षेत त्याचे गुण जातात ते वेगळेच. आमच्या इथे वर्षातून एकदा व्यक्तिमत्त्व विकासावर व्याख्यान असते. त्यात ताठ कसे बसावे ते शिकवतात. जिला आग होत आहे तिने ताठ कसे बसावे, हे वक्त्यांनी सांगितले नाही.

प्राध्यापकांविषयी मला आदर आहे. हा लेख मी ज्या सरांना पहिल्यांदा दाखवला त्यांनी तो मान खाली घालून वाचला आणि एकच शब्द बदलायला सांगितला; शुद्धलेखनाचा होता. पण आदर असूनही मागणी करते. कडी, बादलीभर पाणी आणि झाकणाचा डबा, या तीन वस्तूंचा खर्च स्नेहसंमेलनातल्या फुलांच्या हारांपेक्षा कमी आहे, मी दुकानात विचारून आले. वसतिगृहाच्या गच्चीवर मुलींना उन्हात कपडे वाळत घालायला एक दोरी हवी. आणि ती कुणाला दिसते, याची काळजी दोरीने करू नये, पाहणाऱ्याने करावी. वर्षातून एकदा डॉक्टर बोलवावेत, मुलामुलींसाठी वेगवेगळे बोलवले तरी चालेल, आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून नाव न घालता विचारू द्यावेत.

मायची साखर आता दीडशेच्या आसपास असते. गोळी विसरली तर मी ओरडते. रात्री ती उठत नाही. मागच्या रविवारी मी छतावर गेले तर दोरीवर तिचे आतले कपडे उघड्यावर, वडिलांच्या कपड्यांशेजारी वाळत होते. समोरच्या काकूंनी तिला काही विचारलेही. तिने काय उत्तर दिले ते मला सांगत नाही, नुसती हसते.

वरच्या मागण्यांचा अर्ज मी लिहून ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवला आहे. आजपर्यंत सदतीस मुलींच्या सह्या झाल्या. मुलांच्या दोन आहेत, त्यांतली एक माझ्या भावाच्या मित्राची.