पडद्यावरचे डॉक्टर

स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा मधुमेह वा रक्तदाब यांवर लिहिण्याचे मी नम्रपणे नाकारले. त्यांवर आपण वर्षभर बोलतच असतो. मला शाळकरी वयापासून सिनेमाचे वेड आहे. इंदूरच्या टॉकीजच्या बाकांवर जितके तास घालवले, तितके वाचनालयात घालवले असते तर आज नावापुढे आणखी एखादी पदवी असती. तेव्हा या पानांवर एका प्रेक्षकाची मते आहेत, तज्ज्ञाची नव्हेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

प्रथम मालिकांविषयी, कारण तो विषय लवकर संपतो. मालिकेतला डॉक्टर सकाळी हृदयाचे आणि सायंकाळी मेंदूचे ऑपरेशन करतो. ईसीजीची रेषा सपाट झाली की रुग्णाला शॉक देतो. सपाट रेषेवर शॉकचा उपयोग नसतो, हे एखाद्या इंटर्नला विचारले असते तरी कळले असते. घरात मी हे बोलू लागलो की सौभाग्यवती दूरदर्शन संचाचा आवाज वाढवतात.

सिनेमाचे तसे नाही. १९७१ साली ‘आनंद’ प्रदर्शित झाला, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. अमिताभ बच्चन यांचा भास्कर बॅनर्जी पाहून डॉक्टर होण्याचे ठरवणारी आमची एक पिढीच आहे. औषधाने भूक बरी होत नाही म्हणून संतापणारा, ज्याला काहीच झालेले नाही अशा श्रीमंत पेशंटला तसे तोंडावर सांगणारा तो डॉक्टर! त्याच पेशंटवर उपचार करणारा डॉ. प्रकाश कुलकर्णी तेव्हा आम्हांला किंचित खालच्या पायरीवरचा वाटला होता. ती भूमिका आपल्या रमेश देव यांनी केली होती. आज माझे मत पार बदलले आहे. त्या चित्रपटातला खरा डॉक्टर मला कुलकर्णीच वाटतो. नर्सिंग होमचा खर्च, घरी पत्नी, पैसेवाल्यांकडून घ्यायचे आणि गरिबाला सवलत द्यायची, हा हिशेब कोणता डॉक्टर करत नाही? आपण भास्कर व्हायला निघालो आणि कुलकर्णी झालो. त्यात लाज वाटण्यासारखे फारसे नाही. मात्र कुलकर्णीइतके हसतमुख राहणे आपल्यापैकी किती जणांना जमले, हा प्रश्न आहे.

‘खामोशी’ (१९६९) बद्दल माझे मत अनेकांना रुचत नाही. वहिदा रहमान यांचा अभिनय अद्वितीय आहे, यात वाद नाही. पण सारे लोक त्या चित्रपटाला असफल प्रेमाची कथा म्हणतात. मला ती एका डॉक्टरच्या चुकीची कथा वाटते. परिचारिकेच्या मायेचा औषधासारखा वापर करायचा, ती एकदा मोडली असता पुन्हा तोच प्रयोग तिच्यावर लादायचा, आणि अखेर तिलाच त्या वॉर्डात भरती करावे लागायचे! नजीर हुसेन यांचा तो कर्नलसाहेब मनाने सज्जन आहे, हेच त्यातले भयंकर आहे.

डॉ. श्रीराम लागू यांच्याविषयी मराठी डॉक्टरांच्या सभेत बोलायचे म्हणजे घरच्या माणसाविषयी बोलणे. कान-नाक-घसा तज्ज्ञाचा चालता व्यवसाय सोडून वयाच्या चाळिशीनंतर पूर्णवेळ नट होणे, याला जे धाडस लागते ते आपल्याला ठाऊक आहे. ‘सामना’ आणि ‘पिंजरा’ पाहिलेल्या माणसाला हिंदीने त्यांना दिलेल्या बापांच्या आणि न्यायाधीशांच्या भूमिका पाहून हळहळ वाटते. डॉ. मोहन आगाशे यांनी मानसोपचार आणि अभिनय दोन्ही सांभाळले. ‘अस्तु’मधला त्यांचा स्मृती हरवत चाललेला संस्कृतचा प्राध्यापक पाहताना, हा माणूस रुग्णांसमोर वर्षानुवर्षे बसलेला आहे, हे क्षणोक्षणी जाणवते.

आता ‘श्वास’. संदीप सावंत यांचा हा चित्रपट २००४ साली आला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला, ऑस्करसाठी भारतातर्फे तो गेला, हे सर्वश्रुत आहे. कोकणातला एक आजोबा नातवाला शहरात आणतो. मुलाला डोळ्यांचा कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. हे मुलाला कोणी सांगायचे? अरुण नलावडे यांचा आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी नातवाला इस्पितळातून गुपचूप बाहेर नेतो आणि डोळे आहेत तोवर जग दाखवून आणतो. पहिल्यांदा पाहताना मी डॉ. साने यांच्या बाजूने होतो. शस्त्रक्रिया ठरलेली, आणि रुग्ण बेपत्ता! आपल्यापैकी कोणाचाही पारा चढला असता.

रात्री मात्र झोप लागली नाही. १९९३ साली माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक येत असत. जठराचा कर्करोग, तोही पसरलेला. मुलाने हात जोडून सांगितले, “डॉक्टरसाहेब, बाबांना कळू देऊ नका.” मी त्यांना अल्सर असल्याचे सांगितले. एके दिवशी त्यांनी सहज विचारले, “बद्रीनाथला जायचे मनात आहे. यंदा जाऊ, की बरे वाटल्यावर पुढच्या वर्षी?” अंगात तेव्हा प्रवासाइतकी शक्ती होती. मी म्हणालो, “पुढच्या वर्षी निवांत जा, सर.” दिवाळीपूर्वी ते गेले.

मुलाने नंतर पेढे नव्हेत, पण एक शाल आणून दिली होती. वडिलांना शेवटपर्यंत काही कळू दिले नाही, याबद्दल तो कृतज्ञ होता.

‘आनंद’ वाहिनीवर लागला की मी आजही शेवटपर्यंत पाहतो. तो स्वतःचा आजार स्वतःच जाणतो, डॉक्टरला काही सांगावे लागत नाही. ‘श्वास’ची सीडी कपाटात आहे. मुलांनी दोनदा काढून ठेवली, मी दोनदा परत आत ठेवली.