भूत शेवटी येतं

दिवाळी अंकांच्या हंगामात आपल्या रायगडातल्या भयकथांमध्ये एक बाई हमखास भेटते. पांढरी साडी, मोकळे केस, मध्यरात्री मुंबई-गोवा हायवेवर हात दाखवून गाडी थांबवते. वडखळ मागे पडल्यावर ड्रायव्हर आरशात बघतो तर मागची सीट रिकामी! तरीही वाचताना अंगावर काटा येत नाही, कारण ही बाई कोणाची कोण, कशाने गेली, तिचं काय राहिलं, हे लिहिणाऱ्यानेच ठरवलेलं नसतं. विषय सुचत नाही अशी या मंडळींची तक्रार असते. माझ्या मते ते विषय शोधायचं सोडून भूत शोधत बसतात.

भुतांची यादी हवी असेल तर ती केव्हाच तयार आहे. डिसेंबर 1909 मध्ये नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’चा प्रयोग होता. अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या त्या तिथेच. या जॅक्सनने कोकणातल्या शाळामास्तरांकडून गावोगावच्या समजुती लिहून मागवल्या होत्या. त्याच्यामागे एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्याने ती टिपणं संपादित केली आणि कोकणचा भाग 1915 मध्ये छापून निघाला. आपला जिल्हा तेव्हा कुलाबा होता, आणि कुलाब्याच्या मास्तरांची उत्तरंही त्यात आहेत.

ती वाचताना भीती वाटत नाही, वाटतं की तलाठ्याने मेलेल्यांची फेरफार नोंदवही उघडली आहे. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. बुडून मेला तो गिऱ्हा, पाण्याकाठी माणसाला चकवणारा. प्रत्येकाच्या नावापुढे काय अर्धं राहिलं याची नोंद आहे, म्हणजे कथेचं अर्धं काम झालेलंच आहे. शिवाय ब्राह्मणाचं भूत वेगळं, इतर जातींची वेगळी. मेल्यावरही जात सुटत नाही, ही त्या वहीतली सगळ्यात भयंकर गोष्ट, आणि नेमकी तीच धरून लिहिलेली कथा माझ्या वाचनात फारशी आलेली नाही.

मोठे लेखकही भुतापासून सुरुवात करत नाहीत. हेन्री जेम्सला ‘द टर्न ऑफ द स्क्रू’चं बीज मिळालं ते 1895 च्या जानेवारीत, कँटरबरीच्या आर्चबिशपने सांगितलेल्या एका तुटक गोष्टीतून. जेम्सने ती वहीत टिपून ठेवली. मेन राज्यात स्टीफन किंगच्या भाड्याच्या घरासमोरून ट्रक सुसाट जायचे. त्यांच्याखाली मुलीचं मांजर गेलं. जवळच मुलांनी मेलेल्या पाळीव प्राण्यांसाठी दफनभूमी केलेली होती. ‘पेट सेमेटरी’ एवढ्यातून उभी राहिली. आपल्या महामार्गावर ट्रकही आहेत, मेलेली मांजरंही आहेत, आणि चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळल्यामुळे माणसंही कमी गेलेली नाहीत. तरी आपली बाई अजून लिफ्टच मागते आहे.

बीज परकं असलं तरी बिघडत नाही. किंगच्या ‘ग्रामा’वरून नारायण धारपांना ‘आजी’ सुचली. राही अनिल बर्वे यांना 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने धारपांची कथा सांगितली आणि 2018 मध्ये ‘तुंबाड’ पडद्यावर आला. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ वरून. अमेरिकेतली आजी कोकणात रुजली, कारण तिला वाडा मिळाला, न थांबणारा पाऊस मिळाला आणि पिढीजात हाव मिळाली. हाव काढून टाका, मग त्या सिनेमात उरेल फक्त चांगली प्रकाशयोजना.

आता आपल्याकडे काय पडलं आहे ते बघा. पेणशेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध 1933 पासून जवळपास सहा वर्षं शेती केली नाही. सहा वर्षं पडीक खाचरं, आणि त्यांच्याकडे रोज बघत बसलेला खोताचा वाडा! पेणच्या खारेपाटात उधाणाला बांध फुटतो, खांड पडते, खारं पाणी भाताच्या शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं पीक धड येत नाही. मग त्या रात्री बांधावर कोण गेलं, कोण झोपून राहिलं, कोणाच्या शेताआधी कोणाचं शेत वाचवलं, हे तिथल्या जुन्या माणसांना पाठ असतं. भुताला उगवायला याहून चांगली जमीन मला माहीत नाही.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात शेवटचं नाजूक काम डोळ्यांच्या आखणीचं. देवपण येतं ते प्राणप्रतिष्ठेनंतर, तोवर ती मूर्ती मातीच. पण डोळे आखून झालेली आणि हंगामात न विकली गेलेली मूर्ती ज्या घरात वर्षभर माळ्यावर ठेवावी लागते, त्या घरातल्या मुलाला काय वाटत असेल? आणि रोह्यात तर ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात. सरकार ज्याला सलामी देतं त्या राखणदाराच्या हद्दीत एखादा अंमलदार चौकशीला आला, तर तो कोणाचा हुकूम पाळेल? यातलं काहीही घ्या, माझी हरकत नाही.

हरकत आहे ती एकाच खाणीला. गावाने जिवंत बाईला चेटकीण ठरवलं, तिच्या नावाने नारळ-लिंबं उतरवली, तिचं पाणी तोडलं, असं काही कानावर आलं तर ते विषय म्हणून वहीत टिपू नये. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला आहे, तेव्हा ती गोष्ट पोलीस ठाण्यात सांगायची. अशाच एका बाईवर नाव बदलून लिहिलं, असं एका होतकरू लेखकाने मला अभिमानाने सांगितलं. त्याची कथा छापून आली तेव्हा तिच्या वाडीत सगळ्यांनी तिला ओळखलं, आणि तिच्या दारावरून पोरं कथेतल्या भुताच्या नावाने हाका मारत जाऊ लागली.