‘ड्रायव्हरनं गिअर खाल्ले’ म्हणे!

यवतमाळ जिल्ह्यात वणी म्हणजे कोळसा, आणि कोळसा म्हणजे ट्रक. तिथल्या एका गॅरेजात मी दोन वर्षं हेल्पर होतो. गिअर खर्रर्र करायला लागले की निकाल ठरलेला असायचा: ड्रायव्हरनं गिअर खाल्ले. लाज वाटते, पण पहिल्या वर्षी मीही हेच बोलायचो.

एकदा असाच ट्रक आला. मालक सगळ्यांसमोर ड्रायव्हरला म्हणाला, “तुह्या हातानं गेले गिअर, तुह्याच पगारातून कटतीन पैसे.” पन्नाशीचा माणूस मान खाली घालून उभा. आमच्या मिस्त्रींनी काही खोलायच्या आधी इंजिन बंद करून एकेक गिअर टाकून पाहिला. सगळे अलगद पडले. मग इंजिन चालू करून क्लच दाबला, तर एकही धड पडेना. पॅडलमागे हात घातला, बोटं ऑइलनं ओली. क्लचचा मास्टर सिलिंडर गळत होता. ड्रायव्हर हळूच म्हणाला, “दोन महिन्यांपासून सांगून राह्यलो.”

क्लच गिअर बदलत नाही. तो फक्त इंजिनला गिअरबॉक्सपासून तोडतो. तोडल्यावरही आतला शाफ्ट आपल्या वेगात फिरतच राहतो, आणि पुढच्या गिअरला वेगळा वेग हवा असतो. हे दोन वेग जुळवते सिंक्रोनायझरची पितळी रिंग. ती गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासते, वेग सारखा करते आणि तोवर दातांत दात जाऊ देत नाही. क्लच पूर्ण सुटला असेल तर तिला फक्त एक हलका शाफ्ट आवरायचा असतो. अर्धवट सुटला तर अख्खं इंजिन! बोटाएवढ्या रुंदीची रिंग किती दिवस टिकणार?

1928 साली कॅडिलॅकच्या गाड्यांत हे सिंक्रोमेश आलं. आपल्याकडच्या जुन्या ट्रकांत त्यानंतरही कितीतरी वर्षं हे काम ड्रायव्हरचा पाय आणि कान करायचे. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, रेस द्या, पुन्हा क्लच दाबा, मग खालचा गिअर. डबल क्लच. त्यावर हात बसलेल्या माणसाला गिअर कसा टाकायचा हे मालक शिकवणार? (तुमच्या बाइकमध्येही ही रिंग नसते बरं. तिथे सगळी भिस्त तुमच्या पायावर.)

ड्रायव्हर नेहमी निर्दोष असतो असं मी म्हणत नाही. गिअरच्या दांड्यावर हात टेकवून गप्पा मारणारे, चढावर हाफ क्लचवर गाडी रोखून धरणारे खूप पाहिलेत. एकटा तिसराच खरखरत असेल आणि बाकीचे नीट पडत असतील, तर त्या गिअरची रिंग गेली, आणि तिथे हाताचा दोष असू शकतो. पण सगळेच अडत असतील तर आधी क्लच बघा ना! दोन मिनिटांची तपासणी आहे. ती न करता गरिबाचा पगार कापणं याला मी चोरीच म्हणतो.

गिअरबॉक्स खोलला तेव्हा रिंगा झिजून गुळगुळीत झालेल्या. सिलिंडरचे पैसे मालकानं भरले, रिंगांचे ड्रायव्हरच्या पगारातून कापले. क्लच सुटत नव्हता हे बिलावर लिहू या, असं मी मिस्त्रींना म्हणालो.

“तसं लिवलं त गाडी पुन्हा आपल्याकडे येत नाही, बाप्पा,” ते म्हणाले, आणि बिल माझ्या हातातून घेतलं.